जांभ्याच्या वर्गखोल्यांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावच्या शाळेला दोन नव्या वर्गखोल्या बांधायच्या आहेत आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या वतीने मी हे लिहीत आहे. सध्याची इमारत सपाट स्लॅबची आहे. मार्च लागला की दुपारी वर्गात बसवत नाही आणि पावसाळ्यात झडीमुळे पश्चिमेच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागत असल्याने भर दिवसा दिवे लावून फळा वाचावा लागतो.

म्हणून या वेळी जांभ्याच्या भिंती, उतरते छप्पर आणि रुंद पडवी असा विचार आहे. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात गांदो या गावी वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये बांधलेल्या शाळेत सच्छिद्र छताच्या बऱ्याच वर पत्रा उचलून धरलेला आहे, त्यामुळे मधल्या पोकळीतून गरम हवा निघून जाते. कल्पना मोहात पाडणारी आहे, पण तो कोरडा मुलूख. आमच्याकडे पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो. अशी पोकळी ठेवून झड आत येऊ नये यासाठी छपराची कड (पागोळी) भिंतीच्या किती बाहेर काढावी?

दुसरे, कौलेच घालावीत असे मला मनापासून वाटते, मात्र वानरांच्या टोळ्या ती फोडतात, हा गावाचा अनुभव आहे. कौलांवर कोणी जाळी बसवली आहे काय? आणि पश्चिमेच्या जुन्या फणसापासून पाया किती दूर घ्यावा? तो तोडण्याचा सल्ला मिळाला आहे; आम्हाला तो सावलीसाठी राखायचा आहे.