नगरपरिषदेने वर्षभरात नेमके काय केले, हे नागरिकाने कसे शोधावे?

प्रश्न

नमस्कार. आमचे शहर साधारण साठ हजार वस्तीचे, म्हणजे महाराष्ट्रातल्या ब वर्ग नगरपरिषदेचे आहे. आमचा ज्येष्ठ नागरिकांचा गट दर तीन महिन्यांनी चार पानांचे पत्रक काढतो. या वेळी त्यात नगरपरिषदेच्या विभागांनी आणि तिच्या समाजोपयोगी सेवांनी गेल्या वर्षभरात केलेल्या कामांचा आढावा द्यावा असे ठरले आणि ते काम माझ्या वाट्याला आले.

मी वर्षभराची वृत्तपत्रांची कात्रणे तारखेप्रमाणे लावली, तेव्हा लक्षात आले की भूमिपूजन, लोकार्पण, स्वच्छतेची शपथ आणि वृक्षारोपण यांच्या बातम्या भरपूर आहेत, पण काम पुढे कुठवर गेले हे सांगणारी बातमी जवळजवळ नाही. आमच्या भागातला एक रस्ता तर दोनदा बातमीत आला आहे, एकदा भूमिपूजनाच्या वेळी आणि एकदा 'कामाचा शुभारंभ' म्हणून. प्रत्यक्षात तो अजून खडीखालीच आहे. चौकशीला कार्यालयात गेलो तर साहेब बैठकीला गेले होते, आणि टेबलावरच्या गृहस्थांनी माहिती अधिकारात अर्ज टाका असे सुचवले. मला कोणावर कारवाई व्हावी असे वाटत नाही, केवळ खरा आढावा लिहायचा आहे. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत इतर अनेक ठिकाणांप्रमाणे आमच्याकडेही प्रशासक होते, त्यामुळे नवे नगरसेवक सौजन्याने बोलतात, पण त्यांना मागचे ठाऊक नाही.

कोणत्या कागदावर विसंबावे आणि कोणत्या विभागाकडे काय मागावे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ (निवृत्त लेखापाल)

आपण कात्रणांपासून सुरुवात केलीत, मी असतो तर अर्थसंकल्पापासून केली असती. नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पी पुस्तिकेत येणाऱ्या वर्षाचा अंदाज असतो, तसाच चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा व खर्चही असतो. लोक येणाऱ्या वर्षाचा स्तंभ वाचतात, कारण सभेत चर्चा त्याचीच होते. आपण मागील वर्षाच्या 'प्रत्यक्ष'चा स्तंभ वाचा, आणि शक्य असल्यास त्याच वर्षाची जुनी पुस्तिका मिळवून तेव्हा काय अंदाजले होते ते शेजारी ठेवा. उद्यानासाठी मोठी तरतूद धरून अखेरीस तिथे शून्य दिसत असेल, तर त्या विभागाचे वर्षभराचे काम आपल्याला एका ओळीत कळले.

आवश्यक आणि ऐच्छिक कामे एकत्र करू नका. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने नगरपरिषदेची कर्तव्ये या दोन गटांत विभागली आहेत. रस्त्यांची दिवाबत्ती, साफसफाई, पाणीपुरवठा, गटारे, आग विझवणे, जन्म-मृत्यूची नोंद ही आवश्यक आहेत, तर उद्याने आणि वाचनालये ऐच्छिक गटात मोडतात. बातम्या बहुधा ऐच्छिक कामांच्या येतात आणि पैसा बहुतांशी आवश्यक कामांवर व आस्थापनेवर, म्हणजे पगार व निवृत्तिवेतनावर जातो, हे वाचकांना सांगितले नाही तर आपला आढावाही कात्रणांसारखाच होईल.

बांधकामाच्या बाबतीत एक साखळी पाठ करून ठेवा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजणीची वही), देयक (बिल). काम कोणत्या टप्प्यावर आहे ते यांतला शेवटचा कागद कोणता तयार झाला आहे यावरून कळते, कुदळ कोणी मारली यावरून नव्हे. कायद्याच्या शिस्तीप्रमाणे कार्यादेशाच्या आधी जागेवर काही सुरू व्हायला नको. पण नोकरीत असताना मी निविदा उघडण्यापूर्वीच नारळ फुटलेला पाहिला आहे, आणि पुढे ती निविदा रद्द झाली तेव्हा फलक मात्र तसाच राहिला. आपल्या रस्त्याबद्दल एवढेच विचारा की कार्यादेश कोणत्या तारखेचा आहे आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली आहे का. मोजमाप नसेल तर देयक निघू शकत नाही, आणि देयक निघाले असेल तर कामाची लांबी, रुंदी व जाडी कुठेतरी लिहिलेली असलीच पाहिजे. काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला असेल तर दोषदायित्व कालावधी, म्हणजे कंत्राटदाराने दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, किती आहे तेही लिहून घ्या, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात खड्डे पडले तर ते कोणी भरायचे याबद्दल वाद राहणार नाही.

अनुदानांचे गणित वेगळे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरांना जे अनुदान शिफारशीत धरले, त्यातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. शिवाय लेखे सर्वांना पाहता येतील असे संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याची अट होती. त्यामुळे 'निधी नाही' असे कोणी म्हणाले तर कोणता निधी नाही, हे विचारता येते. तसेच नगरपरिषदेच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी आणि ५ टक्के महिला व बालकल्याणासाठी राखायची असते. या दोन शीर्षांचा खर्च महिन्यावार पाहा. तो सारा मार्चमध्ये पडला असेल तर वस्तूंचे वाटप झाले असण्याची शक्यता अधिक, सेवा चालली असण्याची कमी.

करवसुलीच्या टक्केवारीबाबत सावध राहा. 'नव्वद टक्के वसुली' हे वाक्य केवळ चालू मागणीवर, म्हणजे या वर्षी आकारलेल्या करावर, खरे असू शकते. थकबाकी धरून एकूण मागणी छेदस्थानी घेतली की तोच आकडा बराच खाली येतो. दोन्ही आकडे मागणी नोंदवहीत असतात.

प्रतिसाद २

माहिती अधिकाराचा अर्ज शेवटी करा. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी उपलब्ध करून द्यायचे आहेत, आणि सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुष्कळ कर्मचाऱ्यांनाही हे आठवत नाही, म्हणून निर्णयाची प्रत बरोबर ठेवावी आणि शांतपणे दाखवावी.

त्याआधी संकेतस्थळावर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ (१) (ख) खालची १७ मुद्द्यांची माहिती पाहावी. ती बऱ्याचदा जुनी असते, पण कोणता अधिकारी कोणते काम पाहतो आणि कोणत्या नोंदवह्या ठेवल्या जातात हे त्यातून कळते. नोंदवहीचे नाव ठाऊक असणे हीच अर्धी माहिती आहे.

अर्ज करावाच लागला तर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा पाळावी, १० रुपयांचा न्यायालय फी मुद्रांक लावावा. 'रस्ता का झाला नाही' असे विचारू नये. 'का'चे उत्तर तयार करून देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. 'अमुक कामाच्या कार्यादेशाची व मोजमाप पुस्तिकेतील नोंदींची प्रत' असे मागावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करता येते.

प्रतिसाद ३ (पाणीपुरवठा विभागातून निवृत्त)

लेखापाल साहेबांचे म्हणणे योग्यच आहे, तरी थोडा मतभेद नोंदवतो. खर्चावरून बांधकामाचे काम कळते, पाण्याचे कळत नाही. आमच्या विभागात चांगले गेलेले वर्ष म्हणजे ज्यात काहीही घडले नाही असे वर्ष. पहाटे व्हॉल्व्ह सोडणारा माणूस आला, शुद्धीकरण केंद्रावर गाळण थर वेळेवर उलट्या प्रवाहाने धुतले गेले, पंप बंद पडला नाही. याची बातमी कोण देणार, आणि अर्थसंकल्पात तरी हे कुठे दिसणार? ते दिसते पंपगृहाच्या लॉगबुकात आणि ओटी चाचणीच्या नोंदवहीत.

ओटी म्हणजे नळाच्या पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही हे पाहण्याची रंगाची चाचणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० नुसार, पाणी क्लोरीनने निर्जंतुक केले असेल तर ग्राहकाच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. नमुना जलकुंभाजवळचा आहे की वाहिनीच्या शेवटच्या घरचा, हे नोंदवहीत अवश्य पाहा. कुंभाजवळचा नमुना बहुधा चांगलाच येतो. प्रश्न शेवटच्या घरचा असतो, कारण मधल्या गळतीतून गटाराचे पाणी आत शिरले तर क्लोरीन तिथे खर्च होतो. वर्षभराची नोंदवही एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात आणि एकाच आकड्याने भरलेली दिसली, तर मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. मधूनमधून 'ओटी निगेटिव्ह, वाहिनी धुतली, पुन्हा नमुना घेतला' अशी नोंद असलेली वही मला अधिक प्रामाणिक वाटते.

दुसरे असे की 'दररोज दोन तास पाणी' हा सेवेचा हिशेब नव्हे. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी प्रतिमाणशी १३५ लिटर हा निकष वापरला जातो. उचललेले पाणी आणि देयके निघालेले पाणी यांतले अंतर मागा, म्हणजे गळती आणि बिनहिशेबी जोडण्या यांचा अंदाज येईल. जलमापके नसतील तर हे अंतर काढताच येत नाही, आणि तसे असेल तर आढाव्यात तेच लिहावे.

आपल्या रस्त्याबद्दल एक शंका: त्याखाली जुनी जलवाहिनी आहे का, हे पाहावे. अनेकदा बांधकाम विभाग तयार असतो आणि आमचाच विभाग थांबा म्हणतो.

प्रतिसाद ४ (नागरी उपजीविका अभियानात समुदाय संघटक)

समाजोपयोगी सेवांबद्दल लिहिते. आमच्या अहवालात 'स्थापन झालेले बचत गट' हा रकाना पहिला असतो आणि तो कधीच कमी होत नाही. आपण मागील सहा महिन्यांत बैठक घेऊन बचत जमा केलेले आणि बँकेचे कर्ज नियमित फेडणारे गट किती, असे विचारा. वस्तीस्तर संघाच्या, म्हणजे वस्तीतल्या बचत गटांच्या संघाच्या, अध्यक्ष ताईंना भेटलात तर कार्यालयापेक्षा लवकर कळेल.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले असावे लागतात. समिती अस्तित्वात आहे का, आणि वर्षात तिच्या बैठका किती झाल्या, हे इतिवृत्ताच्या वहीवरून दहा मिनिटांत समजते. वाचनालयात सभासदसंख्या विचारू नका, पुस्तकांच्या देवघेवीची नोंद पाहा. दाखल्यांच्या बाबतीत २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो, त्यामुळे किती अर्ज मुदतीत निकाली निघाले हा प्रश्न थेट विचारता येतो.

आणि एक विनंती. सफाई कामगारांशी बोलल्याशिवाय स्वच्छता विभागाचा परिच्छेद लिहू नका. ओला आणि सुका कचरा घरी वेगळा झाला तरी गाडीत एकत्र होतो का, हे नोंदवहीत कोणी लिहीत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. काल सोमवार होता, शासन निर्णयाची प्रत घेऊन तीन वाजता गेलो. पहिली वीस मिनिटे हा निर्णय कोणाचा आणि आम्हाला लागू आहे का यात गेली. नंतर मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः बांधकाम विभागाच्या लिपिकांना बोलावले आणि पुढचे सारे सुरळीत झाले. आम्ही मागितलेल्या दोन वह्या त्याच दिवशी पाहायला मिळाल्या, तिसरी लेखापरीक्षकांकडे असल्याचे सांगितले आहे.

पाणीपुरवठ्याच्या सदस्यांची शंका अचूक निघाली. रस्त्याचा कार्यादेश निघालेला आहे, मोजमाप पुस्तिकेत खडीकरणाची नोंद आहे, आणि त्यानंतर पाणीपुरवठा विभागाचे पत्र धारिकेत लावलेले आहे की खालची जुनी वाहिनी बदलल्याशिवाय डांबरीकरण करू नये. ती वाहिनी बदलण्याची निविदा मात्र अद्याप निघालेली नाही. म्हणजे रस्ता थांबवण्याचा निर्णय शहाणपणाचा होता, पण पत्र लिहिल्यावर पुढे काहीच हलले नाही, आणि हे आमच्या गल्लीत कोणालाही माहीत नव्हते. आम्ही सारे कंत्राटदाराला बोल लावत होतो.

ओटीची वही दोन हस्ताक्षरांत आहे आणि तिच्यात निगेटिव्ह नोंदी आहेत, मात्र शेवटच्या घरचे नमुने पावसाळ्यानंतर दिसत नाहीत. अध्यक्ष ताईंची भेट गुरुवारी ठरली आहे, आणि सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागी उद्या पहाटे साडेपाचला जाणार आहे. रस्त्याची ओळ सध्या अशी लिहून ठेवली आहे: 'खडीकरण पूर्ण, डांबरीकरण जलवाहिनीसाठी थांबवले, जलवाहिनीची निविदा प्रलंबित.'