पित्ताची पिशवी काढल्यावर वजन का वाढतंय?

लोकमान्यनगरची सून:
गेल्या वर्षी दिवाळीनंतर दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. खडे होते, कळ पार उजव्या खांद्यापर्यंत जायची. त्याआधी तेल-तूप दिसलं तरी धडकी भरे, वरणभात नि ताकावर राहिले. आता दुखत काही नाही, पण सगळे ब्लाउज उसवून घ्यायची वेळ आलीय. सासूबाई म्हणतात, पिशवी गेली की चरबी पचत नाही, ती अंगावर बसते. खरंय का? शिवाय सकाळी पोहे-जिलबी खाल्ली की तासाभरात पळावं लागतं, ते निराळंच.

सुदामानगर काका:
पिशवी नाही हो, सराफा, आपला इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार! खडे होते तेव्हा तिथे मी नुसता जलजिरा पीत उभा असे. टाके वाळल्यावर तळलेला गराडू कंद, भुट्ट्याचा कीस, वर रबडी. पोट कुरकुरेना, मग हात कशाला थांबतोय? तुमचंही तेच असणार.

निवृत्त मास्तरीण:
काका बरोबर बोलताहेत. पित्त तयार होतं यकृतात, रोज अर्धा ते एक लिटर. पिशवी ते साठवून दाट करायची, मावायचं जेमतेम ३०-५० मिली. आता ते थेट आतड्यात झिरपत राहतं, त्यामुळे बहुतेकांना चरबी पचते. आणि न पचलेली चरबी अंगावर कशी बसेल? ती शौचावाटे जाते.

पळापळीचं म्हणाल तर पित्ताम्लं मोठ्या आतड्यात जास्त पोचली की तिथे पाणी सुटतं. इतके महिने टिकलंय तर डॉक्टरांना सांगाच. ती बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनची पावडर मिळते.

वजन मात्र हसण्यावारी नेऊ नका. खडे, सुटलेलं पोट, फॅटी लिव्हर, शुगर ही बहुतेकदा एकाच घरची भावंडं. खडे काढले म्हणून बाकीची घर सोडत नाहीत. कंबर मोजा. आपल्याकडे बायकांना ८० सेंमी, पुरुषांना ९० ही हद्द. काका, तुम्हीसुद्धा! उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (रक्तातली चरबी) करून घ्या. आणि घाबरून उपास सुरू करू नका. वजन झपाट्याने उतरवलं की खडे धरतात, अन् पिशवी नसली तरी पित्तनळीत क्वचित होतात.

लोकमान्यनगरची सून:
कंबर ९१ भरली. सासूबाईंची मोजली, पण आकडा सांगायला बंदी आहे. शुगर उद्या सकाळी. गराडू तळण्याऐवजी एअर फ्रायरमध्ये कुणी केलेत का? किती वेळ ठेवायचे?