मदत हवी आहे : पार्सन्सच्या १८९२ च्या टर्बाइनची कार्यक्षमता नेमकी कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

पदविकेच्या मुलांना वाफेच्या टर्बाइनचा धडा शिकवताना त्यांच्या हाती खऱ्या चाचणीचे आकडे द्यायचे आहेत. त्यासाठी वाफेच्या टर्बाइनचा इंग्रज संशोधक चार्ल्स पार्सन्सचं केंब्रिजच्या वीज कंपनीसाठी बनवलेलं १०० किलोवॉटचं यंत्र निवडलं आहे. त्याचं १८८४ चं पहिलं यंत्र मिनिटाला १८,००० फेरे घ्यायचं, पण वाफ भरमसाट खायचं. १८८९ मध्ये जुनी भागीदारी सोडताना अक्षीय प्रवाहाच्या (वाफ आसाच्या दिशेने वाहते त्या) रचनेचे पेटंट हक्कही गेले. म्हणून केंब्रिजचं यंत्र त्रिज्यीय प्रवाहाचं (वाफ आसाला काटकोनात वाहते असं) झालं, आणि वापरलेली वाफ हवेत न सोडता कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करून पाणी करणाऱ्या भांड्यात, नेली. १८९२ साली प्रा. जेम्स आल्फ्रेड यूइंग यांनी चाचणी घेतली तेव्हा विजेच्या एका युनिटमागे (किलोवॉट-तासामागे, म्हणजे ३६०० किलोज्यूलमागे) सुमारे २७ पौंड वाफ लागली. दट्ट्याच्या चांगल्या इंजिनांशी बरोबरी करणारा हा आकडा मला फार मोलाचा वाटतो.

आता अडचण. दट्ट्याच्या इंजिनाला इंडिकेटर (सिलिंडरमधला दाब नोंदणारं उपकरण) लावला की दाब-आकारमानाचा आलेख मिळतो, त्यावरून आतली शक्ती काढता येते. टर्बाइनमध्ये ती सोय नाही. मोजता येते ती वीज, आणि तिच्यात जनित्राचा तोटाही आलाच.

मी २७ पौंड म्हणजे १२.२५ किलो धरले. ३६०० भागिले १२.२५, म्हणजे किलोमागे २९४ किलोज्यूल. वाफ ८ बार निरपेक्ष दाबाची, २०० अंशांची आणि कंडेन्सर ०.१ बारचा धरला तर किलोमागे २६४७ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. कार्यक्षमता ११ टक्के. हा आकडा टर्बाइनचा म्हणायचा का? मुलांना तेवढाच सांगितला तर यंत्रावर अन्याय होईल असं वाटतं. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद

सर, गणित बरोबर आहे, पण ११ टक्के हे वाफ बनवण्यापासून कंडेन्सरपर्यंतच्या सगळ्या चक्राचे. टर्बाइनची पारख करायची तर २९४ ला आयसेंट्रॉपिक एन्थाल्पी-घटीने (कुठलाही तोटा न होता आदर्श प्रसरणात वाफेची किलोमागे जेवढी ऊर्जा मिळू शकते तिने) भागा. तुमच्याच गृहीतकांवर स्टीम टेबलमधून (वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यांतून) ती ६८० च्या आसपास येते, म्हणजे ४३ टक्के, आणि तेही जनित्रासकट. जनित्राची कार्यक्षमता वेगळी मिळाली तर टर्बाइनचा आकडा अजून वर जाईल.

मुलांना एक गणित जरूर द्या : तीच वाफ १ बारला सोडली तर घट जेमतेम ३६५. कंडेन्सरने पार्सन्सला काय दिलं ते तिथे दिसतं. दट्ट्याच्या इंजिनाशी तुलना मात्र युनिटमागे लागणाऱ्या वाफेवरच करा, त्याच्याही जनित्रासकट. आतल्या शक्तीच्या आकड्यात इंजिनाचं घर्षण धरलेलं नसतं.

धागाकर्ता

मनापासून आभार! १ बारचं गणित आधी सोडवायला देतो. कंडेन्सरमधलं पाणी तोलून वाफ मोजताना थंड पाण्याची गळती त्यात मिसळली तर ती कशी ओळखायची?

प्रतिसाद

टर्बाइनची वाफ बंद ठेवून नुसता निर्वात धरा, थंड पाणी चालू राहू द्या. तळाशी पाणी साठू लागलं तर ती गळती. तासाला किती साठतं ते तोला आणि चाचणीच्या वजनातून वजा करा.