मदत हवी आहे: अ‍ॅनोरेक्सियातून सावरणाऱ्या भावासाठी नाशिकमध्ये उपचारांची टीम कशी जमवावी?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे, इथेच नाशिकमध्ये इंजिनिअरिंगला आहे. त्याला अ‍ॅनोरेक्सिया आहे, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं कमी-कमी करत नेणारा मानसिक आजार. मुंबईत अ‍ॅडमिट होता, आता डिस्चार्ज घेऊन घरी आलाय. वजनाचे आणि कॅलरीचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाहीये. वाचणाऱ्यांत कुणी याच आजारातून जात असेल तर लगेच मनात तुलना सुरू होते. कृपया प्रतिसादांतही ते टाळा.

तो सायकल चालवायचा. पहाटे त्र्यंबक रोडला किंवा कसाऱ्याच्या दिशेने निघालेले ग्रुप तुम्ही पाहिले असतील, त्यातलाच एक. घाट चढायचा तर अंग हलकं हवं, असं कुणीतरी सांगितलं. आधी तेल-तूप गेलं, मग भात, मग पोळी मोजून, मग आमच्याबरोबर जेवायला बसणंच बंद. येणारे-जाणारे "काय फिट झालायस!" म्हणत होते. नाडी मंद लागली तेव्हा ते खेळाडूचं हृदय म्हणून त्याचं कौतुक झालं. मुलग्यांना हा आजार होतो हे आमच्या आसपास कुणी ऐकलेलंच नव्हतं. शेवटी कॉलेजात चक्कर येऊन पडला आणि तिथून सगळी धावपळ सुरू झाली.

आता मुद्द्यावर येते. मुंबईत मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आहारतज्ज्ञ आणि फिजिशियन आठवड्यातून एकदा एकत्र बसायचे आणि आम्हाला एकच गोष्ट सांगायचे. नाशिकला आल्यावर ते चौघे चार ठिकाणी झाले. एक गंगापूर रोडला, एक कॉलेज रोडला, एक नाशिक रोडला आणि सायकॉलॉजिस्ट मुंबईहून ऑनलाइन. चौघेही आपापल्या जागी चांगले असतील, पण त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी जेवणाआधी सॅलड वाढवायला सांगितलं. फिजिशियन म्हणाले, वजन भरलंय, आता सायकल सुरू करायला हरकत नाही. सायकॉलॉजिस्ट म्हणतात, सायकलचा विषय इतक्यात काढूच नका. यातलं जे आजाराला सोयीचं असतं तेवढंच भावाच्या लक्षात राहतं. हे मी त्याला दोष देऊन म्हणत नाहीये. तो अगदी मनापासून प्रयत्न करतोय आणि ताटासमोर बसताना त्याचे हात थरथरतात, हे मी रोज बघते.

घरच्यांच्या दृष्टीने तो बरा झालाय. गालावर मांस आलं म्हणजे संपलं! बाबा म्हणतात आता किती दिवस डॉक्टर-डॉक्टर करायचं. आजीला तो श्रावणातले सोमवार धरणार म्हणाल्याचा आनंद झालाय, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटतेय.

तर प्रश्न असा की अशी टीम एका छताखाली नसेल तर ती बांधायची कशी? कुणी बांधली आहे का? सूत्रं कुणाच्या हाती द्यायची? तो सज्ञान आहे, मग डॉक्टर माझ्याशी किती बोलू शकतात? आणि इथे राहूनच हे जमेल की मुंबई-पुण्याला हलावं लागेल? पंचवटी एक्स्प्रेसने दर आठवड्याला जाणं-येणं त्याच्या तब्येतीला झेपणारं नाही आणि त्याचं सेमिस्टरही चालू आहे.

प्रतिसाद: इंदिरानगरकर

ताई, आधी तुम्ही त्याच्यासाठी इतकं करताय त्याला सलाम. आमच्या मुलीला बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलट्या वगैरे करून ते बाहेर काढण्याचा आजार) होता, आता चांगली आहे. केवळ या आजारासाठी वाहिलेलं केंद्र मला तरी नाशिकमध्ये सापडलं नव्हतं. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचं नाशिकलाही केंद्र आहे, तिथे विचारून पाहा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खर्चाचा प्रश्न असेल तर तो मार्ग आहेच.

आमचं जमलं ते एका गोष्टीमुळे. मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट विचारलं, "तुम्ही मुख्य राहाल का? बाकीच्यांनी बदल करण्याआधी तुम्हाला फोन करायचा, असं चालेल का?" पहिल्यांना वेळ नव्हता आणि त्यांनी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. दुसऱ्यांनी होकार दिला. मग बाकीचे त्यांना विचारून निवडले. तुम्ही चौघे आधी निवडलेत आणि आता जोडताय, म्हणून जड जातंय. गरज पडली तर एखादा बदलायला कचरू नका.

सायकॉलॉजिस्ट ऑनलाइन असण्यात काही वावगं नाही. रक्तदाब, नाडी, वजन, रक्ताच्या तपासण्या मात्र ऑनलाइन होत नाहीत, त्यासाठी गावातला फिजिशियन पक्का हवा. निवडताना सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आहे का ते बघा, आणि या आजाराचे पेशंट आधी पाहिलेत का हे थेट विचारा. विचारल्याचा राग आला तर तेही उत्तरच समजा.

प्रतिसाद: ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ आहे, इथे पूर्ण सल्ला देणार नाही, पण सॅलडचं वाचून राहवलं नाही. दीर्घ उपासमारीनंतर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं, फुगतं. अशा पोटात जेवणाआधी काकडी-गाजराचा डोंगर घातला तर वरण-भाताला जागाच उरत नाही, आणि "मला भूक नाही" हे खरं ठरतं. हा फुगवटा ठरलेल्या वेळी खात राहिल्यानेच हळूहळू कमी होतो. नेहमीच्या वजन कमी करण्याच्या पेशंटला जो सल्ला देतात तोच इथे दिला गेला असावा. त्या बाईंना मुंबईची डिस्चार्ज समरी आणि तिथला आहार-आराखडा दाखवला आहे का? नसेल तर आधी तो दाखवा.

साधारणपणे तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी, मध्ये चार तासांपेक्षा जास्त खंड नाही, ही चौकट ठेवतात. भूक लागण्याची वाट बघायची नाही, कारण भुकेची जाणीवच बिघडलेली असते. पोळीला तूप, भातावर तूप, दाण्याची चटणी, दूध, खजूर, शेंगदाण्याचा लाडू, अशा आपल्या घरातल्या गोष्टींनी हे होतं. महाग पावडरी लागत नाहीत. मोजमाप करणारी अ‍ॅप फोनमधून काढून टाका. वजन एकाच ठिकाणी, एकाच माणसाने, पाठमोरं उभं करून घ्यायचं की आकडा दाखवून, हे सायकॉलॉजिस्ट ठरवतील, कारण काही उपचारपद्धतींत आकडा मुद्दाम एकत्र बघतात. घरी काटा ठेवूच नका.

उपवासाबद्दल: नाही म्हणजे नाही. आजींना डॉक्टरांच्या तोंडून सांगा. आजारी माणसाला उपवासातून सूट असते हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक असतं. एका घरी आजींनी "तुझा सोमवार मी धरते, तू जेव" म्हणून प्रश्नच मिटवला होता. आणि उपवास आधीच घडला असेल, म्हणजे काही दिवस जवळजवळ काहीच पोटात नसेल, तर एकदम भरपूर खाऊ घालू नका. तेव्हा रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली जातं आणि हृदयाला धोका होतो. रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात त्याला. अशा वेळी आधी फिजिशियन, मग ताट.

प्रतिसाद: एमडी_नाशिक

फिजिशियन म्हणून लिहितो. पेशंट न तपासता लिहितोय हे लक्षात ठेवा.

मंद नाडी खेळाडूची की उपासमारीची, हे बसल्या जागी मोजून कळत नाही. तंदुरुस्त सायकलपटू खोलीत चार पावलं चालला तर नाडी थोडीच वाढते. उपासमारीत ती एकदम उसळते, उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो, हातपाय गार असतात. म्हणून तपासणी झोपून आणि उभं राहून, दोन्ही करायची. सोबत ईसीजी, आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस. मुलग्यांमध्ये पाळी बंद होण्यासारखी खूण नसते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं आणि हाडं विरळ झालेली कित्येकदा उशिरा कळतात. त्यात सायकलिंगमध्ये हाडांवर वजन येत नाही, म्हणून हाडांना चालण्या-धावण्यासारखा फायदाही होत नाही. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचं विचारा.

जागेपणी नाडी ५० च्या खाली राहत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ४० च्या खाली, किंवा बेशुद्ध होणं, छातीत दुखणं, छातीत धडधड, उठताना तोल जाणं, उलट्या करत राहणं, यांपैकी काहीही असलं तर रात्र काढू नका, थेट इमर्जन्सी. वजन नॉर्मल दिसत असलं तरी हे लागू आहे. जगावंसं वाटत नाही असं तो बोलला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. लगेचचा धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नका आणि जवळच्या हॉस्पिटलात न्या.

सायकल सुरू करायची की नाही हे एकट्या फिजिशियनने वजनावरून ठरवण्यासारखं नाही. खाणं कमी आणि व्यायाम जास्त यातून शरीराच्या सगळ्याच यंत्रणा मंदावतात, यावर ऑलिंपिक समितीने २०१४ पासून सविस्तर भूमिका मांडली आहे. नाडी, तपासण्या, खाण्याची नियमितता आणि "आज सायकल नाही" हे ऐकून त्याला राहवतं का, हे सगळं मिळून निर्णय होतो. तुमचे फिजिशियन चुकले असं म्हणत नाही. त्यांच्यापर्यंत बाकीची माहिती पोहोचलीच नसेल.

एक व्यावहारिक गोष्ट: एक पानाचा कागद करा. निदान, औषधं, मागच्या तपासण्या, चौघांचे फोन, आणि "अमुक झालं तर पुन्हा अ‍ॅडमिट" ही मर्यादा मुख्य डॉक्टरांच्या सहीने. प्रत्येक भेटीला तोच कागद पुढे करा. आम्हाला दहा मिनिटांत खूप पेशंट बघायचे असतात, पण असा कागद समोर आला की दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला जातो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

प्रतिसाद: मधलीसुट्टी

मी स्वतः यातून गेलेय, म्हणून घरच्यांसाठी दोन शब्द. "तब्येत सुधारली हं" हे वाक्य मला आठवडाभर छळायचं. गालांवर बोलू नका, बारीक-जाडवर बोलू नका, त्याच्याच नाही तर कुणाच्याच. जेवताना सोबत बसा आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी गप्पा मारा. जेवणानंतरचा अर्धा-पाऊण तास सगळ्यात वाईट असतो, तेव्हा कुणीतरी पत्ते काढा, मॅच लावा, काहीही.

तो रेसिपीचे व्हिडिओ बघत बसतो का, सगळ्यांना खाऊ घालून स्वतः खात नाही असं होतं का? मला वाटायचं मी वेडी झालेय. नंतर सायकॉलॉजिस्टनी अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट पुरुषांना काही महिने अर्धपोटी ठेवलं होतं. तेही पाककृती वाचत बसायचे, चिडचिडे झाले, माणसांपासून तुटले. आणि पुन्हा खायला मिळाल्यावरही मन ताळ्यावर यायला बराच काळ गेला. हे तुमच्या बाबांना सांगा. वजन आधी येतं, डोकं मागून येतं. पुन्हा घसरण्याची भीती डिस्चार्जनंतरच्या पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त असते आणि नेमकं तेव्हाच सगळे मोकळे होतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सॅलड आजपासून बंद. डिस्चार्ज समरी आहारतज्ज्ञ बाईंना दाखवली नव्हती, उद्या घेऊन जाते. मिनेसोटाचं बाबांना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत पण रात्री जेवताना टीव्ही बंद करून आमच्यात बसले. सज्ञान असण्याचं आणि इन्शुरन्सचं कुणी सांगेल का? बाबांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे.

प्रतिसाद: इंदिरानगरकर

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे सज्ञान माणूस आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत मदत करणारी व्यक्ती, स्वतः नेमू शकतो. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. भावाला तुमचं नाव लिहायला आवडेल का विचारा. डॉक्टरांना तुमच्याशी आणि एकमेकांशी बोलायची परवानगीही त्याच्याच सहीने लेखी द्या, प्रत्येकाच्या फाइलला एक प्रत. काय सांगायचं आणि काय थेरपीच्या खोलीतच राहू द्यायचं, हे त्याला ठरवू द्या. तेवढा भाग त्याचाच आहे, आणि मग तो सहीही खुशीने करतो.

त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच बरोबरीने धरावं असं आहे. अ‍ॅडमिशनचा क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. ओपीडी आणि थेरपीची फी मात्र बहुतेक ग्रुप पॉलिसींत येत नाही, तो खर्च धरून चला.

धागाकर्ती

भावाला विचारलं. म्हणाला, "ताई, तुझं नाव लिहितो, पण सायकॉलॉजिस्टशी मी काय बोलतो ते विचारायचं नाही." मान्य केलं. मुंबईच्या सायकॉलॉजिस्ट मुख्य मानसोपचारतज्ज्ञांशी महिन्यातून एकदा फोनवर बोलायला तयार आहेत, इथल्या डॉक्टरांना शनिवारी विचारणार आहे. एक पानाचा कागद करायला घेतलाय. सायकलचा निर्णय तो फोन होईपर्यंत थांबवलाय आणि भावाला तसं सरळ सांगितलंय.

दोन गोष्टी अजून हव्या आहेत. डेक्सा स्कॅन नाशिकमध्ये कुठे चांगला होतो, आणि खाण्याचे विकार असलेल्या मुलग्यांसाठी मराठीतून चालणारा एखादा मदतगट कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गट मुंबई-पुण्याचा ऑनलाइन असला तरी चालेल.