शर्यतीच्या कबुतराची मान वळते आहे : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या ढाबळीतील २२ कबुतरांपैकी, पिल्लू असल्यापासून मी वाढवलेल्या एका नराची मान ४ दिवसांपासून एका बाजूला वळते आहे. दाणा टिपायला गेला की चोच दाण्याच्या शेजारी आपटते, आणि विष्ठा पाण्यासारखी पातळ झाली आहे. ही लक्षणे पॅरामिक्सो विषाणूची असावीत असे मला वाटते. परंतु साल्मोनेला या जिवाणूमुळेही मान वळू शकते, मात्र त्यात बहुधा सुजणारा पंखाचा सांधा याचा सुजलेला नाही. त्याला मी वेगळे ठेवले असून दाणे खोल वाटीत देतो, म्हणजे ते त्याला सापडतात. नेमके निदान होण्यासाठी कोणती तपासणी करून घ्यावी, आणि उरलेल्या निरोगी पक्ष्यांना लगेच लस टोचावी की काही दिवस थांबावे, हे अनुभवी पालकांनी किंवा पशुवैद्यांनी कृपया सांगावे.