मदत हवी आहे: जुन्या फेरफारातलं 'ए.कु.मॅ.', 'जुडी', 'नवी शर्त' म्हणजे नेमकं काय?

आजोबांच्या ट्रंकेत 1953 सालच्या फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची) नक्कल सापडली. कागद घडीवर फाटलाय, पण अक्षर बाळबोध आहे म्हणून लागतंय. मोडी असती तर तिथेच हात टेकले असते. अडलंय ते शब्दांपाशी:

"कुलकर्णी वतन खालसा. पूर्वी जुडी रु. 2-4-0, आता पूर्ण आकार. नवी शर्त. ए.कु.मॅ. म्हणून नाव दाखल."

नाव आजोबांच्या थोरल्या भावाचं आहे. ए.कु.मॅ. ही मला कुणा साहेबाची आद्याक्षरं वाटली, आणि जुडी म्हणजे मेथीची! 2-4-0 म्हणजे दोन रुपये चार आणे, एवढं वडिलांनी सांगितलं. आज सातबाऱ्यावर फक्त थोरल्या आजोबांच्या मुलांची नावं आहेत. चुलते म्हणतात, "कागदोपत्री तुमचं काहीच नाही." खरं का हे?

प्रतिसाद 1:
ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कर्त्या भावाचं नाव लावायचं आणि शेतसारा त्याच्याकडून वसूल करायचा, अशी तेव्हाची सोय होती. त्याने तो एकटा मालक होत नाही, बाकीच्या भावांचा हिस्सा त्या नावामागे असतोच. पुढे त्याच्या पश्चात वारसनोंद करताना ही तीन अक्षरं गळतात आणि धाकट्यांची घराणी सातबाऱ्यावरून नाहीशी होतात. गावोगावी हेच झालंय. मात्र मधल्या काळात वाटणी झाली असेल किंवा हक्कसोड लिहून दिलं असेल, तर गोष्ट वेगळी. ते आधी तपासा.

जुडी म्हणजे इनाम जमिनीवरचा सवलतीचा सारा. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतनं (गावचे हिशेब ठेवण्याच्या कामाबद्दल मिळालेल्या जमिनी) खालसा म्हणजे सरकारजमा झाली आणि सवलत गेली, म्हणून "पूर्ण आकार", म्हणजे पूर्ण सारा.

प्रतिसाद 2:
नव्या शर्तीचं राहिलं. वतन गेलं तरी रक्कम भरून जमीन वतनदाराला परत मिळायची, पण परवानगीशिवाय विकायची नाही या अटीवर. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' दिसतंय का? असेल तर जमीन अजून नव्या शर्तीवरच आहे. शेतीसाठी विकायला परवानगी लागण्याची अट मात्र 2002 च्या दुरुस्तीने गेली.

जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार क्रमांक. एकेकाची नक्कल काढत 1953 पर्यंत मागे जा. वारसनोंदीविरुद्ध प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील होतं, मुदत गेली असेल तर उशीर माफीचा अर्जही जोडावा लागतो. हिस्स्याचा वाद मात्र दिवाणी कोर्टातच सुटतो. फेरफार हा साऱ्यासाठीचा कागद, मालकीचा दाखला नव्हे. हे तुम्हालाही लागू आणि चुलत्यांनाही.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. वर्ग 2 आहे! वर्तुळातले आकडे तीन सापडले. मधल्याचा शेवटचा अंक 3 आहे की 8, ते भिंग लावूनही कळत नाही. सोमवारी दोन्ही क्रमांकांसाठी नकलेचा अर्ज देतोय.