निवृत्तीनंतर मोडी लिप्यंतराचे काम ऑनलाइन सुरू करावे का?

टिपणकर (सातारा जिल्हा):

नमस्कार. माझे वय ६१ असून तीन वर्षांपूर्वी मी भूमि अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. नोकरीच्या सुरुवातीला, म्हणजे १९८९ च्या सुमारास, कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, शिकवली, कारण जुनी टिपण बुके आणि गुणाकार बुके (जमीन मोजणीच्या जुन्या नोंदवह्या) वाचता आल्याखेरीज आमचे कामच पुढे सरकत नसे. पुढे पुराभिलेख संचालनालयाची मोडी परीक्षाही मी उत्तीर्ण झालो. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगावचे जुने दप्तर उघडू लागले, तेव्हापासून आमच्या ओसरीवर माणसांची ये-जा सुरू झाली. कोणी कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीचे छायाचित्र घेऊन येतो, कोणी जुना फेरफार घेऊन येतो. आतापर्यंत हे सारे मी विनामूल्य वाचून, देवनागरीत उतरवून देत आलो.

आता मात्र लांबून विचारणा होऊ लागली आहे. नाशिकच्या एका कुटुंबाकडे वाटणीपत्र आहे, इंदूरच्या एका गृहस्थांकडे पणजोबांची पत्रे आहेत, आणि दोघांनीही स्वतःहून मोबदल्याची गोष्ट काढली. मुलगी म्हणते, ‘बाबा, लिप्यंतराचे काम ऑनलाइन घ्या आणि आठवड्यातून दोन दिवस शिकवणीही सुरू करा.’ चौकशी केली तेव्हा एका संस्थेने संकेतस्थळ, बोधचिन्ह आणि जाहिराती मिळून दीड लाख रुपये खर्च सांगितला. पत्नीला हा आकडा ऐकून काळजी वाटते आणि ती रास्त आहे, कारण आमची ठेव आमच्या औषधपाण्यासाठी आहे.

माझे प्रश्न असे आहेत. इतका खर्च खरोखर आवश्यक आहे का? दर कसा ठरवावा? सरकारी नोंदणी आणि कर यांचे काय? शिवाय एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो: इंग्रजी अमदानीतील मोडी मी सहज वाचतो, पण पेशवेकालीन पत्रांत अडखळतो. अशा माणसाने हे काम पैसे घेऊन करावे का?

वर्गशिक्षिका (डोंबिवली):

टिपणकर काका, नमस्कार. मी ६४ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून २०२१ पासून घरून संस्कृतचे ऑनलाइन वर्ग घेते, म्हणून शिकवणीपुरते अनुभवाचे सांगते.

दीड लाख रुपये कोणालाही देऊ नका. मी पहिली दोन वर्षे संकेतस्थळाशिवाय काढली. व्हॉट्सअॅप बिझनेस हे ॲप विनामूल्य आहे, त्यात कामाचे स्वरूप, वेळ आणि दर लिहून ठेवता येतात, आणि नव्या माणसाला आपोआप जाणारा पहिला निरोपही लिहिता येतो. माझे निम्म्याहून अधिक विद्यार्थी आधीच्या विद्यार्थ्यांनी पाठवलेले आहेत. तुमच्याकडे तर माणसे आधीच येत आहेत, त्यामुळे तुम्हाला जाहिरातीची गरज माझ्यापेक्षाही कमी आहे.

मोडीच्या बाबतीत एका गोष्टीवर मात्र खर्च करा, ती म्हणजे फोन उभा धरणारा आडव्या दांडीचा स्टँड. मोडी शिकणाऱ्याला तयार अक्षर दाखवून भागत नाही. आधी पानभर शिरोरेघ ओढली जाते आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर कसे वळत जाते, हे त्याला हाताच्या हालचालीतूनच कळते. फोन कागदाच्या बरोबर वर, साधारण दीड फुटावर टांगा, दिवा डाव्या बाजूला ठेवा म्हणजे उजव्या हाताची सावली अक्षरावर पडणार नाही, आणि रेघ नसलेला कोरा कागद घ्या. मी सुरुवातीला चेहऱ्यावर कॅमेरा ठेवून संधी सोडवून दाखवत होते आणि विद्यार्थ्यांना फळा दिसत नव्हता. चौथ्या तासाला एका आजींनी धीर करून सांगितले, तेव्हा माझ्या लक्षात आले. झूमची विनामूल्य बैठक ४० मिनिटांनी बंद होते, पण आपल्या वयाच्या विद्यार्थ्यांना तेवढाच तास सोसतो, त्यामुळे मी तीच मर्यादा ठेवली.

आणखी एक गोष्ट काळजीपूर्वक वाचा. मला एकदा फोन आला की, ‘मी सैन्यदलातला अधिकारी आहे, युनिटमधील बारा मुलांची फी एकदम भरायची आहे.’ बोलणे अत्यंत आदराचे होते. मग त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे माझ्या खात्यात जमा होतील, असे सांगितले. माझे बोट पिनच्या शेवटच्या आकड्यापर्यंत गेले होते. सुनेने फोन हातातून काढून घेतला म्हणून वाचले. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, हे वाक्य मी आता कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवले आहे. चुकून पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

हिशेबनीस (कोल्हापूर):

मी कर सल्लागार आहे. टिपणकरांच्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

लिप्यंतर आणि शिकवणी या दोन्ही सेवा आहेत. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे, आणि इंदूरसारख्या परराज्यातील ग्राहकाचे काम केले तरी सेवेच्या बाबतीत तीच मर्यादा लागू राहते. वस्तूंचा नियम वेगळा आहे. करपात्र वस्तू परराज्यात विकायची असेल तर, हस्तकलेसारखे काही अपवाद वगळता, पहिल्या विक्रीपासून नोंदणी घ्यावी लागते. म्हणून उद्या आपण घरी मोडीची सरावपुस्तिका, बोरू आणि दौत यांचा संच करून राज्याबाहेर पाठवण्याचे मनात आणलेत, तर त्याआधी जरूर विचारून घ्या. बहुतेक नव्या विक्रेत्यांना वस्तूंसाठीची ४० लाखांची मर्यादा तेवढी ठाऊक असते आणि ते इथेच अडकतात.

ज्येष्ठ नागरिकांकडून हमखास निसटणारी एक बाब आहे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीला आगाऊ प्राप्तिकर भरण्यापासून सूट आहे. आपण व्यवसाय सुरू केलात की ही सूट संपते, उत्पन्न थोडे असले तरीही. मग वर्षभराचा देय कर, निवृत्तिवेतनावर कापलेला कर वजा जाता, १० हजार रुपये किंवा त्याहून अधिक होत असेल तर तो हप्त्यांनी आगाऊ भरावा लागतो, नाहीतर व्याज बसते. शिवाय आजवर आपण भरत असाल तो विवरणपत्राचा साधा नमुना व्यवसायाच्या उत्पन्नाला चालत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी तरी जवळच्या सनदी लेखापालांकडे अर्धा तास बसून या.

महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला व्यवसाय कराची नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना तो माफ आहे, आपल्याला अजून काही वर्षे भरावा लागेल. उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) विनामूल्य आहे आणि आधार क्रमांकावर घरबसल्या होते, तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

आणि कृपया बँकेत स्वतंत्र खाते काढा. निवृत्तिवेतनाच्या खात्यात पाचशे-सातशे रुपयांच्या शंभर नोंदी मिसळल्या की मार्च महिन्यात त्या वेगळ्या करताना माझ्यासारख्याचेच डोळे शिणतात. पत्नीच्या काळजीचेही उत्तर त्यातच आहे: त्या खात्यात सुरुवातीला दहा हजार रुपये ठेवावेत, सगळा खर्च त्यातूनच करावा, आणि ते संपले तर ठेवीला हात न लावता थांबावे.

रुमालवाचक (पुणे):

मी गेली अठरा वर्षे मोडी वाचनाचे काम करतो. त्यातील बरेचसे पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराच्या रुमालांवर, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांवर, झाले आहे. टिपणकर, आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला आणि त्याचे माझे उत्तर ‘अवश्य करावे’ असे आहे. जे येते त्याचीच पाटी लावावी. आपण लिहा की, ‘इंग्रजी अमदानीतील महसुली व भूमापनाची कागदपत्रे वाचून दिली जातील.’ टिपण बुक आणि गुणाकार बुक ही नावेसुद्धा अनेक मोडी वाचकांनी ऐकलेली नसतात. अक्षर लागले तरी मोजणीच्या नोंदीचा अर्थ लागत नाही, आणि आपले तर त्यातच सारे आयुष्य गेले आहे. एवढे ज्ञान उशिरा सुरुवात करणाऱ्याजवळच असते, पंचविशीतल्या मुलाकडे ते येणार कुठून?

दराबद्दल माझा अनुभव असा की पानावर दर लावू नये. छापील रकान्यांच्या नोंदवहीचे पान वीस मिनिटांत होते, पण चिटणिशी वळणाचे, शब्द एकमेकांना चिकटवलेले अर्ध्या पानाचे पत्र एक अख्खी सकाळ घेते. मी ओळींवर दर लावतो, पहिल्या पाच ओळी विनामूल्य वाचून देतो, म्हणजे काम किती अवघड आहे हे मलाही कळते आणि वाचन कसे असते हे ग्राहकालाही कळते, आणि उरलेल्या कामाची निम्मी रक्कम आधी घेतो. नात्यागोत्यातल्या माणसांनाही हाच नियम सांगावा. सुरुवातीला जड जाते.

छायाचित्र मागवताना स्पष्ट सूचना द्या. व्हॉट्सअॅपवर साधे छायाचित्र पाठवले की ते दाबले जाऊन बारीक रेषा पुसट होतात, आणि मोडीत तर एका बारीक वळणावर अक्षर बदलते. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले तर मूळ स्वरूपात येते. कागद सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता छायाचित्र घ्यावे, आणि पूर्ण पानाचे एक चित्र अवश्य मागावे, कारण समासातला शेरा कापला गेला तर नोंदीचा अर्थच फिरू शकतो.

आता जे सांगायचे आहे ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण या कामाचा कणा तोच आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण आला. त्याच्या खापरपणजोबांच्या नोंदीत नावापुढे जे अक्षर होते ते ‘कु’, म्हणजे ‘कुणबी’चा संक्षेप, असावे असे त्याला वाटत होते, आणि त्याचे शिक्षणाचे वर्ष त्या एका अक्षरावर अवलंबून होते. मी भिंगातून पाहिले, चित्र मोठे करून पाहिले, त्याच लेखकाच्या हातच्या आधीच्या बारा नोंदींतील ‘क’ आणि ‘फ’ कागदावर उतरवून शेजारी ठेवले. तरीही ते अक्षर निश्चित लागत नव्हते, कारण नेमका तिथे शाईचा फराटा होता. तो दुप्पट पैसे द्यायला तयार होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि माझ्याही पोटात कालवले. मी लिप्यंतरात चौकोनी कंसात ‘अक्षर अस्पष्ट, कु असण्याची शक्यता’ असे लिहिले आणि मूळ नोंदवहीची प्रमाणित प्रत मागण्याचा अर्ज त्याला स्वतः लिहून दिला. तो नाराज होऊन गेला. पण कागद जिथे मौन आहे तिथे आपण बोलायचे नसते. जातीचा निर्णय पडताळणी समिती करते, आपण फक्त अक्षर वाचतो, आणि संक्षेपाचा विस्तारही आपण आपल्या अंगावर घ्यायचा नाही. एकदा जरी ग्राहकाच्या सोयीने वाचलेत, तरी पुढच्या प्रत्येक वाचनावर शंका घेतली जाईल, आणि ती योग्यच असेल.

म्हणून पहिल्याच निरोपात लिहून ठेवा की हे खासगी वाचन आहे, सरकारी प्रमाणित लिप्यंतर नव्हे. निकालाची हमी नाही. आणि मोबदला निकालावर अवलंबून नाही. आपण ज्या कार्यालयात होता तिथून कागद काढून देण्याची विनंती नक्की येईल. तिला पहिल्या दिवसापासून नम्र नकार द्यावा. लोकांचे कागद नमुना म्हणून समाजमाध्यमांवर टाकू नयेत. घराण्यातील वाटणीची भांडणे त्यात असतात.

टिपणकर (सातारा जिल्हा):

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल बँकेत स्वतंत्र खाते उघडून आलो, आणि पत्नी स्वतः बरोबर आली होती. संकेतस्थळाचा विचार सोडला आहे. वर्गशिक्षिका ताई, आपले पिनचे वाक्य मुलीने छापून टेबलासमोर लावले. रुमालवाचक, आपण सुचवलेली पाटी जवळजवळ तशीच लिहिली आहे. नाशिकच्या वाटणीपत्राच्या पाच ओळी वाचून पाठवल्या, त्यांत दोन ठिकाणी चौकोनी कंस आले. त्यांनी उरलेले काम दिले.

इंदूरच्या पत्रांना नकारच देणार होतो, परंतु त्यांना सध्या केवळ तारखा हव्या आहेत. एका पत्रावर ‘खमस सबैन व अलफ’ असे लागते. हा शुहूर सन, म्हणजे अरबी संख्याशब्दांत लिहिली जाणारी जुनी कालगणना, आहे एवढे कळले. त्याचे इसवी सन काढून द्यावे, की मूळ तसेच ठेवावे?

रुमालवाचक (पुणे):

दोन्ही द्यावे, पण मूळ आधी. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार, तेव्हा सन १०७५ झाला. शुहूर वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवावे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेला ६००. म्हणजे हे पत्र १६७४ चे किंवा १६७५ चे ठरेल, आणि नेमके कोणते ते पत्रावरील महिन्यावरून ठरेल. मात्र आपण लिहिलेत की ही त्यांच्या पणजोबांची पत्रे आहेत. पणजोबा साडेतीनशे वर्षांपूर्वीचे नसणार, तेव्हा एकतर हे पत्र त्या गठ्ठ्यात दुसरीकडून आले आहे, किंवा ‘सबैन’ आणि ‘अलफ’ यांच्या मध्ये शतक सांगणारा एखादा शब्द, बहुधा ‘मयातैन’, आपल्या नजरेतून सुटला आहे. मयातैन म्हणजे दोनशे. तो असेल तर सन १२७५ होईल आणि पत्र १८७४-७५ च्या सुमाराचे ठरेल. ती ओळ पुन्हा, मोठी करून पाहावी. मलाही डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आज संध्याकाळी पाहतो.